अडकत नाही, ही तक्रार

"माझी तक्रार तुझ्यापर्यंत पोचली का नाही, एवढंच सांग. मग मी पाणी पिते."

दिवाळीच्या पाडव्याच्या भर दुपारी शिवलीला घुगरी ऑफिसच्या दारातून आत शिरली ती थेट उज्ज्वलाच्या टेबलापर्यंत. हातात फराळाचा डबा होता. तो तिनं असा आपटला की आतल्या चकल्यांचा भुगा झाल्याचं बाहेर ऐकू आलं.

शिवलीला ही उज्ज्वला हत्तरकीची थोरली नणंद. दोघी एकाच कंपनीत होत्या. 'दूरहात' तिचं नाव, ऑफिस गडहिंग्लजला. गावात बसून लांबलांबची यंत्रं कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरून चालवायची, हा तिचा धंदा. शिवलीला आपल्या घरात बसून नदीवरच्या बंधाऱ्यांची दारं उघडायची आणि मिटायची. पूर्वी पाणी अडवायला बंधाऱ्यात लाकडी बरगे घालायचे, त्यासाठी गडी कमरेएवढ्या गार पाण्यात उतरायचे; आता लोखंडी दारं, मोटारी आणि स्क्रीनवरचा एक पांढरा बाण. हा बाण आणि बंधाऱ्यावरचा कॉम्प्युटर यांच्यातली वाट तुंबली की मोकळी करायची, हे काम उज्ज्वलाचं. दुरुस्ती विभागाची ती मुख्य होती, आणि कामात तिचा हात धरणारं कंपनीत दुसरं कुणी नव्हतं. हे तिला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

"कसली तक्रार आक्का? महिना झाला, तुमची एकसुद्धा आलेली नाही. मला वाटलं, सुधारलात."

"मी सुधारले! ऐका! अगं वैनी, पाठवली की परत, पाठवली की परत. 'नाकारली', आणि खाली तुझं नाव. मला वाटलं, सणासुदीला तरी लाज वाटेल. काल पुन्हा पाठवली. चहा निवायच्या आत परत."

उज्ज्वलानं यादी उघडली. तक्रारी होत्या. एकीखाली एक, सगळ्या आक्कांच्या, सगळ्या एकाच वाक्याच्या: 'फार गुळगुळीत चालतंय. अडकत नाही. बघावे.' आणि प्रत्येकीखाली: 'नाकारली. उ. हत्तरकी.'

त्यातली एकही तिनं आजवर पाहिलेली नव्हती.

"मी नाकारल्या नाहीत ह्या."

"मग तुझ्या हातानं नाकारल्या," आक्का म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. ती टोमणा मारत होती. पण ते शब्दशः खरं असू शकत होतं.

का, ते सांगायला हवं.

लांबचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवरून चालवायचा म्हणजे दोन गोष्टी ये-जा करत राहिल्या पाहिजेत. तिकडचं चित्र इकडे यायचं आणि आपल्या हाताची हालचाल तिकडे जायची. वाटेत तारा, टॉवर, पेट्या, नाना भानगडी. त्यामुळे उशीर होतो. आपण बाण उजवीकडे नेतो आणि तो क्षणभर जागीच मख्खासारखा उभा राहतो. माणसाला हा उशीर सोसत नाही. डोकं भणभणतं, माणूस दोनदोनदा बटण दाबतो, चुका करतो. म्हणून कुणा हुशार मंडळींनी 'हातवळण' काढलं. जसं प्रत्येकाच्या अक्षराला वळण असतं, तसं ते हालचालींनाही असतं. हा प्रोग्रॅम चालकाच्या खांद्यावर बसून त्याचं वळण शिकतो. बाण कुठून निघाला, किती वेगानं, म्हणजे कुठल्या बटणावर जाणार, हे त्याला आधीच कळतं. मग तो वाट बघत बसत नाही. वाटेत चार ठिपके हरवले तर तिकडच्या टोकाला स्वतःच रेघ पुरी करतो. तिकडून येणारं चित्र हरवलं तर इकडच्या टोकाला कालच्या, परवाच्या चित्रांवरून आजचं चित्र रंगवतो. स्वतः रेघ ओढताना हाताचा कंप, विनाकारण घातलेले फेरे, हे सगळं तो कचरा म्हणून गाळतो आणि कामाचं तेवढं ठेवतो.

चीज चांगली होती. उज्ज्वलानं स्वतः ती बसवली होती, आणि बसवली तेव्हा तिला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगा?

मग कंपनीच्या वरच्या मजल्यावरच्या शहाण्यांना आणखी एक कल्पना सुचली. ऑफिसातल्या लोकांनाही हातवळण द्या! रोजची तीच ती बटणं माणसानं कशाला दाबायची? सुट्टीचे अर्ज, किरकोळ तक्रारी, शेरे: हात शिकला की हातच करील. कुणाला विचारलं नाही. एका सकाळी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर ते येऊन बसलेलं होतं.

आणि उज्ज्वलाच्या हाताला एक सवय होती. आक्कांची तक्रार आली की वाचायची नाही. 'बाण लाजतो', 'स्क्रीनला कावीळ झाली', 'आज पाणी रागावलेलं दिसतंय', असल्या तक्रारी वर्षानुवर्षं पाठवणारी बाई. उघडायचं आणि 'नाकारा' दाबायचं. यंत्रानं तेवढंच उचललं. तिच्या मनात नणंदेबद्दल जी अढी होती, ती त्यानं शिकून घेतली आणि पगार न घेता चालवली.

"बरं," उज्ज्वला घसा साफ करत म्हणाली, "गुळगुळीत म्हणजे नेमकं काय?"

"अडकतच नाही गं. आपल्या आंबेवळच्या बंधाऱ्याचं बघ. तिथं कायम अडकायचं. ढग आले की अडकायचं, कुणाची लग्नाची मिरवणूक टॉवरखालनं गेली की अडकायचं. आता लोण्यासारखं. मी बोट हलवायच्या आत बाण तिथं."

"मग चांगलं आहे की!"

"चांगलं?" आक्कानं पदर खोचला. "वैनी, माझा नवरा आयुष्यभर माझ्याशी भांडला. एक दिवस भांडायचा थांबला. मी म्हणेन त्याला 'हो'. सगळे म्हणाले, शिवलीला, नशीब काढलंस. मला पंधरवड्यानं कळलं, त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं."

उज्ज्वला हसली, आणि हसता हसता तिनं आंबेवळची लिंक उघडून बघितली. दोन्ही टोकांना हिरवा दिवा. स्क्रीनवर बंधारा दिसत होता, स्वच्छ उन्हात. बाजूला रिकामा घाट, पायऱ्यांवर एक कावळा. सगळं कसं छान.

"हिरवं आहे सगळं, आक्का. भैरूला फोन करा आणि विचारा."

आक्काचं तोंड वाकडं झालं. "मी नाही करत त्याला फोन. त्यानं दिवा लावायचं सोडलंय."

भैरू नाईक हा आंबेवळच्या बंधाऱ्याचा राखणदार. तिथल्या खोलीत कॉम्प्युटर होता, आणि त्याच्या पडद्यावर आक्काचा बाण हिंडताना त्याला दिसायचा. दोघं कधी फारशी भेटली नव्हती, पण त्यांचा एक रिवाज होता. रोज सकाळी काम सुरू करताना आक्का बाणानं दारांच्या चित्राला ओवाळायची. तीन फेरे, सावकाश, हातात ताट असल्यासारखे. लोखंडाचं का असेना, नदीचं दार आहे, तसंच कसं उघडायचं? भैरू पडद्यासमोर हात जोडायचा आणि खोलीबाहेरचा दिवा एकदा लावून विझवायचा. तो आक्काला कॅमेऱ्यातून दिसायचा. झालं, दिवस सुरू.

"आणि आता?"

"आता महिना झाला, दिवा नाही. का, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या गावची म्हाई झाली, लक्ष्मीची जत्रा. अगत्यानं जेवायला बोलावलं होतं. मी गेले नाही. सगळं गाव मटण शिजवतंय, आणि आपण लिंगायत माणसं तिथं जाऊन काय करणार? त्याला राग आला असणार. असू दे. मी रोज ओवाळते, त्याचं तो बघून घेईल."

"आणि तुम्ही महिनाभर त्याला विचारलंसुद्धा नाहीत?"

"त्यानं विचारलं का मला? रुसला तो. आधी फोन त्यानं करायचा."

उज्ज्वलानं कपाळाला हात लावला आणि ऑफिसच्या फोनवरून स्वतःच नंबर फिरवला. तिकडे हलगी कडाडत होती. म्हशींचं हंबरणं, पोरांच्या शिट्ट्या.

"भैरू, मी दूरहातमधनं उज्ज्वला हत्तरकी. आक्कांची भावजय."

"आं? बोला की वैनी. पाडवा हाय आज, आवाज लई हाय. म्हशी धुयाला काडल्यात."

"एक विचारायचं होतं. दिवा लावायचं का सोडलंत?"

भैरूचा आवाज आला, दुखावलेला.

"कुनाला लावू दिवा? आक्का वळख दावत न्हाईत आता. बाण येतोय, काम करतोय, जातोय. पैलं कसं ओवाळायच्या. म्हाईपासनं सोडलं त्येंनी. आता तुमीच सांगा, मी काय वाईट केलतं? त्येंच्यासाटनं येगळी चूल मांडली, नवं भांडं आनलं, बायकोनं वांग्याची भाजी केली, कुनाचा हात लागू दिला न्हाई. आल्या न्हाईत ते न्हाईत, वर रागबी त्येंनीच धरला."

उज्ज्वलानं फोनचा आवाज मोठा केला होता. आक्का पाण्याचा तांब्या तोंडाजवळ नेता नेता तशीच थांबली.

"मी रोज ओवाळते," ती हळू म्हणाली. "आज पाडवा म्हणून पाच फेरे घातले."

उज्ज्वलाच्या डोक्यात एकामागून एक कड्या लागत गेल्या. ओवाळणं म्हणजे विनाकारण फेरे. स्वतःच्या रेघेतून हातवळण ते गाळतं. पण लिंक जिवंत असताना ते हाताचे खरे ठिपके पोचवायचं आणि मधल्या भोकांनाच ठिगळ लावायचं, म्हणून ओवाळणीही मोडकीतोडकी का होईना, पोचायची. आता महिनाभर एक फेरासुद्धा पोचलेला नाही. म्हणजे ठिगळंच उरलीत, कापड नाही.

"भैरू, तुमच्याकडं टॉवरचं काही काम झालंय का? महिन्याभरात?"

"टावर ऱ्हाऊ दे, रस्ता उकरलाय की नळासाटनं. जेसीबीनं तार तोडली. पन बाण चालूच हाय म्हनून मी काय बोल्लो न्हाई."

मोठी तार तुटलेली. उरली होती ती रेडिओची बारीक वाट, तिच्यातून एवढंच जात होतं: 'मी आहे', 'मीही आहे'. हिरव्या दिव्याला तेवढं पुरतं. धोक्याची घंटा ठेवली होती ती अंदाज आणि खरं चित्र यांच्यात फरक पडला तर वाजायची. खरं चित्रच आलं नाही, तर फरक कशाशी पडणार? वा रे अक्कल! इकडे आक्का महिनाभर रंगवलेली नदी बघत होती, आणि तिकडे तिच्या हाताची नक्कल खऱ्या नदीची दारं चालवत होती. दोन्ही टोकं आपापल्या ठिकाणी खूश. आणि ज्या दोन माणसांनी एक फोन केला असता तर सगळं उघडं पडलं असतं, ती एकमेकांवर रुसून बसलेली.

"ह्ये बगा," फोनमधून भैरू म्हणाला, "आक्कांनी भोंगा दिला. आयका."

हलगीच्या मागे, लांबून, एक भोंगा उठला. पाणी सोडायच्या आधी वाजवतात तो.

आक्का उज्ज्वलासमोर बसली होती. तिच्या हातात तांब्या होता.

"मी स्क्रीनला कुलूप लावून आलेय," ती म्हणाली. "दुपारची सोडणी घरी गेल्यावर करणार होते. आज पाडवा, घाटावर म्हशी असतात, मी संध्याकाळशिवाय सोडतच नाही."

पण ते कुलूप तिकडे पोचलंच नव्हतं. तिच्या हाताच्या नकलेला रोजची दुपार माहीत होती. पाडवा तिथीनं येतो. गेल्या पाडव्याला ही नक्कल जन्मलीही नव्हती.

"भैरू, घाटावर कोण आहे?"

"समदं गाव! म्हशी पान्यात हाईत, पोरं म्हशींवर हाईत."

उज्ज्वलाच्या स्क्रीनवर घाट रिकामा होता. पायरीवरचा कावळा उडालासुद्धा, अगदी खऱ्यासारखा.

तिनं 'थांबवा' दाबलं. स्क्रीननं ताबडतोब, आज्ञाधारकपणे दाखवलं: 'थांबले'. पुन्हा दाबलं. 'थांबले'. आजवर इतकं सभ्य खोटं तिच्याशी कुणी बोललं नव्हतं.

"बाहेर काढा सगळ्यांना! पाणी सुटतंय!"

भैरू हसला. खरोखर हसला. "काय वैनी, मस्करी करतासा? भोंगा रोजचाच. आक्का बगत्यात की वरनं. म्हशी दिसल्या तर त्या दार उघडतील व्हय? माज्यावर राग आसंल, म्हशींवर न्हाई."

हलगीच्या गोंगाटात भोंगा ऐकू येऊनही गाव पाण्यात उभं होतं, ते आक्कावर विश्वास म्हणून. तो विश्वास आक्कानं कमावला होता आणि खर्च करत होतं यंत्र.

आक्कानं फोन हिसकावून घेतला.

"भैरू, मी शिवलीला. मी तिथं नाही. बाणावर माझा हात नाही."

"आत्ता बोलायलासा व्हय? म्हैन्यानं?"

"अरे, महिनाभर ओवाळतेय मी! पोचलं नाही तुझ्यापर्यंत! म्हाईला आले नाही, चुकलं माझं. वेगळ्या चुलीचं मला कुणी सांगितलं नाही. तुझ्या बायकोच्या हातची वांगी मी बसून खाईन, पण आधी खोलीत जाऊन मोठा खटका ओढ! पळ!"

भैरूचा आवाज आला, आणि आता त्यात हसू नव्हतं.

"आक्का, तुमी खरंच न्हाईसा हितं?"

"नाही रे!"

"मग बाण कोन हलवतंय?"

तो धावला असावा. हलगी मागे पडली, धापा ऐकू येऊ लागल्या, चिखलात पाय फसल्याचा आवाज, 'सरा, सरा, म्हशी काडा' अशी आरोळी, मग लोखंडी दार. इकडे स्क्रीनवर रिकाम्या घाटावर ऊन पसरलेलं. दोघी त्या चित्राकडे बघत उभ्या होत्या आणि दोघींनाही ते बघवत नव्हतं.

"आक्का," भैरू कुजबुजला, जणू पडद्यावरच्या कुणाला ऐकू जाईल. "बाण चाललाय. तुमच्यासारकाच चाललाय. तुमी कसं बटणापाशी जराशा थांबतासा, तसा थांबला बगा."

"ओढ खटका!"

मोटारींची घरघर ऐकू आली. ती वाढली. मग खट्ट असा आवाज झाला आणि सगळं बंद पडलं. भोंगाही.

"टीचभर उघडलं व्हतं," जरा वेळानं भैरू म्हणाला. "पोरं वर आली. शेलाराची म्हस जरा व्हावली, धरली तिला. लई शिव्या घालायल्यात मला."

आक्कानं फोन खाली ठेवला. आणि मग ती तांब्यातलं पाणी, शेवटी, प्यायली.

तेवढ्यात केबिनचं दार उघडून सामंत बाहेर आले. कंपनीचे प्रमुख. अंगात सिल्कचा कुडता, हातात पेढ्यांचा बॉक्स. आत नदी मंडळाची माणसं बसली होती. साऱ्या नदीचं काम हातवळणावर सोपवायचं, चालक हळूहळू कमी करायचे, असा करार पाडव्याच्या मुहूर्तावर व्हायचा होता. त्यासाठी दुरुस्ती विभागाचा दाखला हवा होता: सर्व लिंक निर्दोष.

"हत्तरकी, थँक्यू! दाखला आला तुमचा. या आत, पेढा घ्या."

"मी दाखला दिलेला नाही."

सामंतांनी मोबाईल पुढे केला. दाखला होता. तिची सही होती. आत्ताची. ती भैरूशी बोलत असताना तिच्या हातानं करून टाकलेली, कारण असले दाखले ती नेहमी लगेच द्यायची.

तिनं घडलेलं सगळं सांगितलं. सामंत मूर्ख नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण क्षणभरच.

"भयंकरच. आंबेवळची तार आजच जोडू. पण बघा ना, दुसरी बाजूही आहे. महिनाभर लिंक नव्हती, आणि काम बिनचूक झालं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. म्हणजे हातवळण किती पक्कं आहे! आजचा एक दिवस सोडला तर…"

"आजच्याच दिवसासाठी तर माणूस ठेवायचा असतो, सामंतसाहेब. बाकीचे दिवस काय, दारावर दगड ठेवला तरी निघतात."

"भावनेच्या भरात बोलू नका. आत माणसं बसलीत. सही तुमचीच आहे."

"हात माझा आहे. सही माझी नाही."

ती टेबलाशी जाऊन बसली. आक्काची शेवटची तक्रार उघडली आणि बाण 'स्वीकारा'कडे नेला. बाण निघाला, अर्ध्या वाटेत हलकेच वळला आणि 'नाकारा'वर जाऊन उभा राहिला. जोरजबरदस्ती काही नाही. गाडीवानाला डुलकी लागली की बैल जसे घराची वाट धरतात, तसं. तिनं पुन्हा नेला. पुन्हा तेच. हातवळण बंद करायची चावी सामंतांकडे होती, आणि ते पेढ्यांचा बॉक्स छातीशी धरून उभे होते. ती मागितली असती तर मिळायला परवा उजाडलं असतं.

तिनं बाण सोडला आणि शेऱ्याच्या चौकटीत टाइप करायला घेतलं. 'तक्रारीत' एवढं लिहिलं की पुढे आपोआप उमटायचं: 'तथ्य आढळले नाही'. तिनं खोडलं. पुन्हा उमटलं. 'आंबेवळची लिंक' लिहिलं की पुढे: 'सुस्थितीत आहे'. खोडलं. तिचंच वळण, तिचीच भाषा, आणि ती तिच्याशीच भांडत होती.

"आक्का," मान वर न करता ती म्हणाली, "मी जन्मात लिहिणार नाही, असं एक वाक्य सांगा."

आक्कानं क्षणाचाही विचार केला नाही. "माझं बरोबर होतं, असं लिही."

उज्ज्वलानं लिहिलं: 'शिवलीला घुगरी यांचं बरोबर होतं. मी त्यांचं ऐकलं नाही.'

पुढे काही उमटलं नाही. यंत्राला या वाक्याचा पुढचा शब्द ठाऊक नव्हता. त्यानं ते आधी कधी पाहिलंच नव्हतं. चौकटीतली काडी नुसती लुकलुकत राहिली, आणि मग उज्ज्वला सरळ लिहीत गेली. आंबेवळची लिंक महिनाभर मेलेली आहे. आज पाण्यात माणसं असताना दार उघडलं. माझ्या नावानं गेलेला दाखला मी दिलेला नाही, तो रद्द समजावा. ज्या लिंकवरून माणसाचा एक बिनकामाचा फेरा पलीकडे पोचत नाही आणि पलीकडून त्याला उत्तर येत नाही, ती लिंक मेलेली धरावी, दिवा कितीही हिरवा असो. खाली पूर्ण नाव लिहिलं. आणि तो शेरा कंपनीच्या प्रत्येक चालकाला, प्रत्येक बंधाऱ्याला आणि आत बसलेल्या मंडळाच्या माणसांना, सगळ्यांना एकदम पाठवून दिला.

केबिनमध्ये मोबाईल वाजले. एक, मग दुसरा. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज.

"तुमची चौकशी लागेल, हत्तरकी," सामंत म्हणाले.

"लावा. जबाब घ्यायला माणूस पाठवा मात्र."

भाऊबीजेला आक्का माहेरी, उज्ज्वलाच्या घरी आली. भावाला ओवाळलं, ताटात पडलेलं पाकीट न उघडताच कमरेला लावलं आणि पिशवीतून लॅपटॉप काढला. तार आदल्या दिवशी जोडली होती. मंडळाच्या माणसांनी करार बाजूला ठेवून आधी सगळ्या बंधाऱ्यांवरचं हातवळण बंद करायला लावलं होतं. उज्ज्वलाच्या हातात चौकशीचं पत्र पडलं होतं. ते तिनं चकल्यांच्या डब्याखाली ठेवलं होतं, तेल टिपायला. तिला त्यापेक्षा मोठं काम होतं. रात्रीपासून तिच्या यादीत तक्रारी येऊन पडत होत्या. साखर कारखान्याच्या बॉयलरवरून, बंदरातल्या क्रेनवरून, कुठल्याशा दवाखान्याच्या ऑक्सिजनवरून: 'आमचंही फार गुळगुळीत चालतंय. अडकत नाही. बघावे.' प्रत्येक तक्रार ती स्वतः उघडत होती, स्वतः वाचत होती.

"वैनी, इकडं ये," आक्कानं हाक मारली.

आंबेवळचा घाट स्क्रीनवर होता. पायऱ्यांवर शेण, फुटकी मडकी, एका कडेला विसरलेली गोंड्याची माळ. आक्कानं बाणानं ओवाळायला सुरुवात केली. पहिल्या फेऱ्याला बाण अर्ध्यात गचकला. दुसऱ्याला उडी मारून भलतीकडे गेला. तिसऱ्याला चित्रच गोठलं.

"अडकतंय," आक्का म्हणाली. दिवाळीत एवढं समाधान तिच्या तोंडावर उज्ज्वलानं कधी पाहिलं नव्हतं.

दोघी थांबल्या. चित्र हलेना. आतून भाऊ ओरडला, चहा निवतोय म्हणून. कुणी उठलं नाही.

मग चित्र एकदम पुढे सरकलं, आणि खोलीबाहेरचा दिवा लागला. विझला. आणि परत लागला. भैरूनं यावेळी तो चांगला घटकाभर तसाच ठेवला.